अजून एक पोचायची आहे

आपा, दहा आले. एक बाकी आहे.

तुझा बटणांचा फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आहे. त्यावरचा पाचाचा आकडा तुझ्या अंगठ्यानं पार पुसून टाकला आहे. पाच वाजल्यापासून तो एकेकदा वाजतो आणि गप्प होतो. गावातली पाच पोरं तर लगेचच घरी पोचली. मग शिरपूरचे तिघं. मग केनवडच्या दोघी. किन्हीराजा गावाचा मिस कॉल पावणेसहाला यायला पाहिजे होता, आणि आता सहा वाजून दहा मिनिटं झाली.

तू म्हणाली असतीस, "ज्योते, घड्याळाकडे पाह्यल्यानं यष्टी लवकर येते काय वं?" येत नाही. मला माहीत आहे. तरी पाहते आहे.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. संस्थेच्या लोकांनी सांगितलं, आपांवर एक पानभर लिहून द्या, फोटोखाली लावू. मी कागद घेतला, वर तुझं नाव लिहिलं आणि पुढं काही सुचेना. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ' असलं काही लिहिलं असतं तर तूच पोट धरून हसली असतीस. म्हणून हे तुलाच लिहिते आहे. सात वाजेपर्यंत माझ्या हाताला काहीतरी काम पाहिजे. सातच्या आत कुणाच्या घरी फोन लावायचा नाही, हा तुझाच नियम. "आपन घाबरून फोन लावला की तिकडचं मानूस दुप्पट घाबरते." नियम चांगला आहे गं, पण तो पाळायला तुझं काळीज पाहिजे. माझं चिमणीचं आहे, हे तूच येताजाता सांगायचीस.

आठवतं, तू इथं आलीस कशी? वाशीमकडच्या या मालेगावात हे घर भाड्यानं घेतलं तेव्हा आमच्याकडे सगळं होतं. कागदावर नाव होतं, 'किशोरवयीन मुलामुलींसाठी दिवसभराचं उपचार केंद्र'. दर गुरुवारी अकोल्याहून येणारे डॉक्टर होते, समुपदेशक म्हणून मी होते, सतरंज्या होत्या, रंगपेट्या होत्या. नव्हती ती पोरं. डोळ्यांदेखत नको ते पाहिलेली, अंगावर नको ते सोसलेली, झोप उडालेली, शाळा सुटलेली लेकरं गावोगाव होती. सकाळी यायचं, दिवसभर इथं राहायचं, संध्याकाळी आपल्या घरी परत, इतकं सोपं होतं. पण आईबाप म्हणायचे, डोक्याच्या दवाखान्यात पोरगी रोज जाते हे गावाला कळलं तर उद्या तिला पाहायला कोण येईल? शेवटी एका आईनंच वाट काढली. शेजारणीला सांगून टाकलं, पोट्टी शिवणक्लासले जाते. तिचं पाहून दुसरीनं तेच सांगितलं. बघता बघता आजूबाजूच्या गावांत आम्ही शिवणक्लास झालो, आणि आमच्याकडे साधी सुईसुद्धा नव्हती.

मी घाबरले. कुणी खरंच पाहायला आलं तर? बसस्टँडमागच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या नसीम आपा, म्हणजे तू. तुझ्याकडे येऊन मी म्हटलं, "आपा, एक जुनी मशीन द्याल का? नुसती समोरच्या खोलीत ठेवायला." तू तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्यास. "नुसती ठेवाले? मशीन काय फोटो हाय काय, भिंतीले टांगाले?" मग मी खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी हातगाडीवर दोन पायमशिनी आल्या आणि त्यांच्यामागून तू. "लोकायले खोटं सांगतलंच हाय, त मंग खरं करून टाकू. बोलाव पोट्ट्यायले."

तिसऱ्या दिवशी तू माझ्यावर डाफरलीस. "मोठ्या बहिनीले कोनी तुमी-तुमी करते काय? कानाले कसंतरी वाटते." तेव्हापासून मी तुला 'तू' म्हणते.

मी शिकलेली बाई. अशा लेकरांशी कसं वागायचं याची माझ्याकडे वही भरलेली होती. मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, दार लावायच्या आधी सांगायचं, त्यांनी सांगितलं तेवढंच ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. तुला यातलं काही शिकवावं लागलं नाही. तू आल्या आल्या दोन्ही मशिनी दाराकडे तोंड करून मांडल्यास, बसणाऱ्याला कोण आलं-गेलं ते दिसावं म्हणून. मी विचारलं, हे तुला कसं सुचलं? "मलेबी पाठीमागून कोनी आलेलं चालत नाई," एवढंच बोललीस आणि दोरा ओवायला लागलीस. का चालत नाही, ते तू कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. खोदून विचारायचं नाही, हे वहीत होतं ना! आज वाटतं, निदान एकदा तरी म्हणायला हवं होतं, की आपा, सांगावंसं वाटलं तर सांग, मी इथंच आहे. चार वर्षं अकरा-अकरा लेकरांचं ऐकत राहिले आणि शेजारी बसलेल्या बाईचं राहून गेलं.

सहा वीस. फोन गप्प आहे. मी उठून एकदा दारापर्यंत जाऊन आले. रस्त्यावर सोयाबीनच्या पोत्यांचे ट्रॅक्टर चालले आहेत, मागे ना दिवा ना काही. सोंगणीच्या दिवसांत हा रस्ता मला नको वाटतो.

मग, तू आल्यावर दोन-तीन वर्षांनी, अश्विनी आली. तुला तिचं सगळं माहीत आहे, पण ते पुन्हा एकदा लिहू दे, त्याशिवाय मी पुढं काय करून बसले ते कळायचं नाही. पंधरा वर्षांची, किन्हीराजाची. आईबरोबर ऑटोतून बाजार करून येत होती, ट्रकनं ऑटो उडवला. आई जागच्या जागी गेली. अश्विनीचा हात मोडला, ती पाच दिवस दवाखान्यात. त्या पाच दिवसांत घरच्यांनी तिला सांगितलं, आई दुसऱ्या वॉर्डात आहे, डॉक्टर बोलू देत नाहीत. पोरगी हट्टाला पेटली, की मंग तिले चहा तरी न्या, चहाशिवाय तिचं डोकं दुखते. तिचा काका रोज सकाळी चहाचा ग्लास घेऊन वॉर्डाबाहेर जायचा आणि रिकामा ग्लास परत आणायचा. "पेली काय?" "पेली." पाच दिवस. घरी आणलं तेव्हा समोरच्या भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो होता.

त्यानंतर ती कुणाच्या हातचं खाईना, कुणाचं खरं मानीना आणि कुठल्याच गाडीत पाय ठेवीना. आपणच किन्हीराजाला जायचो. मी पहिल्याच भेटीत तिला श्वासाचे व्यायाम शिकवायला गेले, तर ती उठून आत निघून गेली. तू तीन आठवडे गावाच्या थांब्यावर तिच्याशेजारी बसून शेंगा खाल्ल्यास. यष्टी यायची, जायची, तुम्ही दोघी आपल्या बसलेल्या. कंडक्टर ओरडायचा, "ओ चाची, येता का नाई?" तू म्हणायचीस, "आज नाई बावा, शेंगा हायेत अजून." एका मंगळवारी शेंगा संपल्या, अश्विनीनं फ्रॉकवरची टरफलं झटकली आणि ती उठून यष्टीत चढली. तू फोन करून मला सांगितलंस तेव्हा मी याच खोलीत रडले होते. तू मात्र म्हणालीस, "रडतं कायले, दोन घास जास्त टाक, पोट्टी उपाशी हाय."

यष्टीतून उतरल्यावर तिचे पाय लटलट कापत. तू तिला मशीनवर बसवायचीस. दोरा नाही, कापड नाही. "नुसतं पायडल मार." ती मारायची, आधी धडधड, वेडंवाकडं, मग हळूहळू एका लयीत, आणि पाच-दहा मिनिटांत पाय थांबायचे. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी तुझी मान जरा ताठ झाली होती, नाही म्हणू नकोस.

आणि मिस कॉल. ती पहिल्यांदा एकटी घरी निघाली तेव्हा दारात अडून उभी राहिली. म्हणाली, "मी पोचली का नाई, तुमाले कसं समजन?" तू तुझा नंबर दिलास. "घरी पोचली की एक रिंग देजो अन् काटजो. काई कमीजास्त झालं त काटू नको, वाजू दे, मी उचलतो. तोवर मी जेवत नाई." तिचं पाहून सगळेच द्यायला लागले. एक रिंग म्हणजे पोचलो. लांब रिंग म्हणजे संकट. तू खरंच जेवायची नाहीस. शुगरची गोळी घेऊन उपाशी बसायचीस, मी ओरडायचे, तू म्हणायचीस, "अकरा होऊ दे." किती भांडले गं मी तुझ्याशी त्यावरून.

पण आपलं खरं भांडण शेवटच्या गुरुवारचं. ते अर्धंच राहिलं आहे.

अश्विनी त्या दिवशी बाहीला तुरपाई घालत होती. खाली मान घालूनच तिनं विचारलं, "आई मेली तवा तिले दुखलं असन काय?" मी ताबडतोब म्हटलं, "नाही गं बाळा, तिला काही कळलंसुद्धा नसेल." आणि तू, माझ्यादेखत, काय बोललीस? "आपल्याले माहीत नाई, बेटा." अश्विनी तुझ्याकडे बघत राहिली आणि मग परत टाके घालायला लागली. मला इतका राग आला! तुला स्वयंपाकघरात ओढून नेलं. म्हटलं, "आपा, तुला कळतं का काही? लेकराला धीर द्यायचा असतो." तू शांतपणे म्हणालीस, "मले माहीत नाई, त माहीत नाई म्हनली. तुले तरी कुठं माहीत हाय?" मी म्हटलं, "तू खोट्याचं मला सांगू नकोस. हा सगळा शिवणक्लासच खोट्यावर उभा आहे." तू म्हणालीस, "ते खोटं लोकायले हाय, ज्योते. लेकराले नाई." मी म्हटलं, दोन्ही एकच. तू म्हणालीस, "एक नाई. वाकडी टीप पडली त उसवा लागते, वरून दुसरी मारून भागत नाई. सोमवारी सांगतो तुले नीट, आता डोकं नको खाऊ." आणि आपण दोघी फुगून बसलो. संध्याकाळी निघताना मी तुला 'जाते' म्हटलं नाही.

शुक्रवारी तू लवकर घरी गेलीस, नेहमीसारखी. संध्याकाळी अकराही मिस कॉल आले. इरफाननं, तुझ्या मुलानं, मला हे नंतर सांगितलं. अकरा झाल्यावर तू जेवायला बसलीस, दोन घास खाल्लेस आणि छातीवर हात दाबलास. वाशीमला नेईपर्यंत बोलत होतीस म्हणे. पहाटे गेलीस. शनिवारी दुपारी जुहरच्या नमाजानंतर तुला माती दिली. मी तुझ्या घरी बायकांमध्ये बसले होते. तुझ्या तोंडाकडे पाहून मला एकच सुचत होतं, की हिचा गुरुवारचा राग गेला होता की नाही?

सोमवार आला. अकरा लेकरं सतरंजीवर गोल करून बसली आणि एकानं विचारलं, "आपा कुठं हायेत?" मी ठरवून आले होते, गुरुवारी डॉक्टर येतील, त्यांच्यासमोर नीट, सावकाश सांगायचं. तोवर काय सांगायचं हे ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "आपा दवाखान्यात आहेत."

आपा, मी हे म्हटलं. त्या पोरीसमोर म्हटलं. चार वर्षं शिकलेलं, वहीत लिहिलेलं सगळं त्या एका वाक्यात मातीत गेलं.

अश्विनीनं वर पाहिलं. "कोनत्या वॉर्डात?" मी म्हटलं, "जनरल वॉर्डात." मंगळवारी सकाळी ती घरून थर्मास भरून घेऊन आली. लाल झाकणाचा, पोचे आलेला. माझ्या हातात दिला. "आपाले चहा न्या. बिनसाखरेचा हाय."

तेव्हा तरी सांगायचं होतं. तिला शेजारी बसवून सांगायचं होतं, की बाळा, मी काल खोटं बोलले. दहा पोरं बघत होती. मी थर्मास घेतला. संध्याकाळी सगळी गेल्यावर इथंच, आपल्या मोरीत ओतला. अर्धा ओतून झाला आणि मला तिच्या काकाचा ग्लास आठवला. तिच्या फायलीत ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. हात थांबला. पण मग अर्ध्या थर्मासाचं काय सांगायचं, म्हणून उरलेलाही ओतला. एक वाकडी टीप, त्यावर दुसरी. तू सांगून आठवडाही झाला नव्हता.

बुधवारी तिनं विचारलं, "पेल्या काय?" मी म्हटलं, "हो."

तिनं थर्मास घेतला नाही. टेबलावर तसाच राहू दिला. दिवसभर दाराजवळ बसून राहिली, मशीनला हात लावला नाही. त्या संध्याकाळी दहाच मिस कॉल आले. तुझा फोन इरफाननं मंगळवारीच मला आणून दिला होता. बिचारा दारातच उभा राहून म्हणाला, "बाजी, सोमवारी शामको ग्यारा बार बजा. हमसे सुना नहीं जाता." बुधवारी मी सातपर्यंत थांबले आणि मग तिच्या काकूला फोन लावला. काकू म्हणाली, "हाव, आली घरी. जेवत नाई, बोलत नाई. काय झालं क्लासमंदी?"

गुरुवारी ती आली नाही. डॉक्टरांसमोर बाकीच्यांना खरं सांगितलं. निम्म्यांना आधीच माहीत होतं. केनवडची एक तर माझी समजूत घालत म्हणाली, "ताई, तुमाले सांगाले जड गेलं असन." पंधरा-सोळा वर्षांची लेकरं, आणि चार दिवस ती माझं खोटं सांभाळून घेत होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

शुक्रवारी मी किन्हीराजाला गेले. अश्विनी ओसरीत तूर निवडत होती. काका खाटेवर बसलेला. मी चपला काढायच्या आधीच बोलले, नाहीतर परत जीभ फिरली असती. "अश्विनी, आपा गेल्या. मागच्या शनिवारी पहाटे. मी तुला खोटं सांगितलं. चहा मी मोरीत ओतला."

तिनं सुपातून नजर काढली नाही. "मले माहीत होतं. सोमवारीच, येतानी यष्टीतच समजलं. एक बाई सांगून राह्यली होती."

"मग चहा का दिलास?"

"तुमी काय सांगता, ते पाहाले."

आपा, त्यापेक्षा कुणी मला कानाखाली मारलं असतं तर परवडलं असतं. मी तिथंच खाली बसले. तेवढ्यात काका खाटेवरून उतरला. मोठा दांडगा माणूस, पण आवाज पार बसलेला. म्हणाला, "अश्वे, मीबी तेच केलं होतं. पाची दिवस. तोंडात घास जात नव्हता, तुले कसं सांगू समजत नव्हतं. नालीत ओततो अन् ग्लास धुतो, असं करत होतो मी." वर्ष-दीड वर्ष तो हे गिळून बसला होता.

"माहीत हाय," ती म्हणाली. आणि मग सूप बाजूला ठेवून तिनं मला विचारायला सुरुवात केली. आपा किती वाजता गेल्या? जवळ कोण होतं? कपडा कोणता होता? माती कुठं दिली? बाया जाऊ शकतात काय तिथं? मी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, तू दोन घास खाल्लेस तेही. तिला आईचं यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं तेच विचारलं. "त्यायले दुखलं असन काय?"

'नाही गं बाळा' माझ्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "मला माहीत नाही, बेटा."

तिनं मान हलवली. तेव्हा रडली ती, काकाच्या खांद्याला डोकं लावून. काकाही रडला. मी तुझ्याशी झालेलं भांडण तिथं, त्या ओसरीत हरले, आपा. तुला हे सांगायला सोमवार मिळाला नाही, म्हणून आज सांगते. तुझं खरं होतं. दोन्ही एक नाही.

निघताना ती थांब्यापर्यंत आली. केंद्रात येशील का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. यष्टी आली तेव्हा तीच म्हणाली, "तुमी पोचल्या की मिस कॉल द्या." मालेगावला उतरल्यावर मी पर्समधून तुझा फोन काढला आणि थांबले. तिच्या फोनवर तुझं नाव झळकलं असतं. मग माझ्या फोनवरून एक रिंग दिली आणि काटली.

पुढचा पूर्ण आठवडा ती आली नाही. आज सकाळी आली, न सांगता. माझ्याशी बोलली नाही. तुझ्या मशीनवर बसली, सुईतला दोरा काढला आणि नुसतं पायडल मारत राहिली. मी लांबून बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. पाच वाजता आपली पिशवी उचलली आणि निघाली. मी म्हणणार होते, 'पोचलीस की...' पण म्हटलं नाही. तिच्याकडे मिस कॉल मागायचा तरी कोणत्या तोंडानं?

सहा सदतीस. म्हणजे आता दोनच गोष्टी आहेत. एक तर ती पोचली आहे आणि तिनं फोन केला नाही, कारण माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच. किंवा ती पोचलेली नाही. आणि आपा, लाज सोडून सांगते, मी मघापासून देवाला म्हणते आहे, की पहिलंच असू दे. माझ्यावर जन्मभर रुसू दे, पण घरी असू दे.

तू हे रोज कसं करत होतीस? अकरा जणांसाठी, वर्षभर? मी तुला उपाशी बसण्यावरून बोलायचे, आणि आज माझा डबा दुपारपासून तसाच बांधलेला आहे. एक घास घशाखाली उतरेल तर शपथ.

सहा त्रेपन्न. दोनदा काकूचा नंबर काढला आणि दोनदा खाली ठेवला. सात. सात म्हणजे सात.

वाजला.

एक रिंग. मी डोळे मिटले आणि काटायची वाट पाहिली. काटला नाही. दुसरी रिंग. तिसरी. आपा, लांब रिंग. लांब रिंग म्हणजे काय ते तूच सांगितलेलं. मी बटण दाबलं.

"ताई? मी अश्विनी."

"काय झालं? कुठं आहेस? लागलं का कुठं?"

"काई नाई झालं. घरी हाव. यष्टी बंद पडली होती रस्त्यात, दुसरी येईलोक उभं राहा लागलं."

"अगं मग रिंग का लांब दिलीस? माझा जीव गेला ना इथं!"

मागे काकाचा आवाज येत होता, कुणाला तरी पाणी मागत होता. मग अश्विनी म्हणाली, "एका रिंगात कसं समजलं असतं तुमाले, उशीर काहून झाला थो? म्हतलं सांगूनच टाकाव. तुमी भेत असान." आणि फोन ठेवता ठेवता, "ताई, माहा थर्मास धुऊन ठेवा. उद्या नेतो."

अकरा झाले, आपा. सात वाजायला तीन मिनिटं आहेत. थर्मास धुते आणि मग जेवते.